लाईन तीनचा लाल पास

मित्रांनो, आधी माझ्याकडे नीट बघून घ्या. रंग लाल, आकार तळहाताएवढा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला, आणि वर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय 'लाईन ३'. मी एक जुना पास आहे. बसचा नाही आणि सिनेमाचा तर नाहीच नाही. चाकणच्या एका कारखान्यात बायका बाथरूमला जाताना मला गळ्यात घालतात. हसलात ना? हसा, हसा. पण माझी हकिगत शेवटपर्यंत ऐका, मग बघू किती हसता ते.

आमच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी बांधतात. लांब फळीवर रंगीत वायरी अंथरायच्या, जागोजागी चिकटपट्टी गुंडाळायची, टोकाला प्लग बसवायचा. फळ्या सारख्या पुढे सरकत असतात. एक बाई जागेवरून उठली की तिचं काम शेजारणीच्या अंगावर येतं. म्हणून साहेबांनी नियम काढला, एका वेळी एकच बाई बाहेर जाणार. आणि कोण गेलंय ते लांबून दिसावं म्हणून माझा जन्म झाला.

मला घडवलं ज्योतीराम मिस्त्रींनी. एका मोडक्या मशीनच्या झाकणातून त्यांनी मला कापून काढलं आणि कडा कानशीने घासत बसले. कुणीतरी म्हणालं, "अहो, एवढं काय घासताय? पास तर आहे." मिस्त्री म्हणाले, "बायामाणसांच्या गळ्यात जाणार, ओरखडा यायला नको." हे ऐकून मला फार बरं वाटलं. मग माझ्यात नायलॉनची दोरी ओवली, लाईनच्या टोकाला खिळा ठोकला आणि मला तिथे टांगलं. माझ्याखाली एक वही ठेवली. जाणारीने त्यात स्वतःचं नाव, गेल्याची वेळ आणि आल्याची वेळ लिहायची.

सात वर्षं झाली या गोष्टीला. दोरी चारदा बदलली, मी तोच. एकदा मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले होते. त्यांनी मला बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, "व्हेरी गुड सिस्टीम." त्या दिवशी मी असा काही तोऱ्यात लटकत होतो की विचारू नका.

आणि तोरा का नसावा? लाईनवरच्या बावीस जणींना माझ्याइतकं कोण ओळखतं? फळीसमोर सगळ्या सारख्याच दिसतात, निळा एप्रन आणि डोक्याला टोपी. पण आत आरशासमोर, एकटी असताना, प्रत्येक जण वेगळी. शालनबाई मनगटं चोळत देवाचं नाव घ्यायच्या. कस्तुरा तीन मिनिटांत एक अख्खं गाणं उरकायची. एखादी नुसती खिडकीशी उभी राहून बाहेरचं झाड बघायची आणि परत यायची. मी कुणाचं काही कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतोय, आणि तेही एका मुलीची परवानगी गृहीत धरून.

तिचं नाव कशफ. वय बावीस. तळवड्याहून कंपनीच्या बसने यायची. तिचे वडील नुमानभाई तिथेच दुचाक्या दुरुस्त करतात. कशफचा हात इतका चपळ की चिकटपट्टी गुंडाळताना बोटं दिसायचीच नाहीत. अजून ती ट्रेनी होती. एप्रिलमध्ये कायम कामगारांची यादी लागणार होती आणि त्या यादीत आपलं नाव लागायलाच हवं, असं तिने पक्कं ठरवलं होतं. सुरुवातीला तर ती मला हातसुद्धा लावायची नाही. मला वाटायचं, पोरगी शिष्ट आहे.

दिवाळी झाली आणि चित्र पालटलं. कशफ मला घेऊन जायला लागली, आधी महिन्यातून चार-पाचदा, मग आठवड्यातून तितक्यांदा. आत गेली की बेसिनला टेकून वाकायची. पोटात खाली, उजव्या बाजूला कळ यायची. ती मला मुठीत असं आवळायची की तिच्या तळव्यावर माझ्या कडांचे वळ उठायचे. कधी उलटी व्हायची. दहा मिनिटांनी कळ थांबली की तोंड धुवायची, आरशात ओठ दाबून हसून बघायची आणि परत फळीसमोर. मला भारी राग यायचा. अगं बाई, कुणाला तरी सांग ना!

आमचा सुपरवायझर जयदीप. वाईट नव्हता बिचारा, पण त्यालाही वर उत्तर द्यावं लागायचं. दर सोमवारी शिफ्ट सुरू होताना तो माझ्या खालची वही उघडायचा आणि जास्त वेळा बाहेर गेलेल्यांची नावं सगळ्यांसमोर वाचायचा. एका सोमवारी त्याने वाचलं, "कशफ, सात वेळा. काय मॅडम, आरसा फार आवडतो वाटतं?" दोन-चार जणी हसल्या. कशफ मान खाली घालून हातमोजे चढवत राहिली.

माझ्या खिळ्याला लागून पहिली फळी सुमनताईंची. सुमनताई परभणीच्या, पन्नाशीच्या, पंधरा वर्षांपासून इथे. लाईनवरच्या सगळ्या पोरी त्यांना आईसारखं मानतात आणि त्याही हक्काने रागावतात. त्या दिवशी दुपारी कशफ मला घ्यायला आली तेव्हा त्यांनी तिचा पेनाचा हात धरला.

"काय व्हायलंय गं तुला?"

"काही नाही ताई. पोटात दुखतं थोडं. यादी लागेपर्यंत काढते कसं तरी."

"मग उद्यापासून तुझं नाव लिहूच नको. माझं लिही. मला काय, म्हातारीला शुगर झाली म्हणतील."

झालं! तेव्हापासून कशफ जायची आणि वहीत सुमनताई जायच्या. ताईंचं नाव फार वेळा दिसायला लागलं तेव्हा शालनबाईंनी आपलं दिलं, मग कस्तुराने दिलं. एका सोमवारी जयदीप खरंच काळजीने म्हणाला, "ताई, तुम्ही एकदा शुगर तपासून घ्या बरं." ताईंना तपासायला पाठवलं. शुगर एकदम ठणठणीत! लाईनवर त्या दिवशी जो हशा पिकला, त्यात मीही होतो. कशी एकमेकींना सांभाळतात, म्हणून माझी छाती फुगली होती.

आणि मित्रांनो, इथेच आमचं चुकलं. सगळ्यांचंच. आम्ही त्या पोरीला जयदीपपासून लपवायला गेलो आणि तिचं दुखणंच लपवून बसलो.

झालं असं की कंपनीत दर बुधवारी एक डॉक्टर येतात. कशफ धीर करून त्यांच्याकडे गेली. त्यांनी जयदीपला फोनवर विचारलं, ही मुलगी कामावरून सारखी उठते का? जयदीपने वही बघून सांगितलं, महिन्यात दोनदा. डॉक्टरांनी पित्ताची गोळी दिली आणि वेळेवर जेवत जा म्हणाले. कशफने हे माझ्या खिळ्याशी उभं राहून ताईंना सांगितलं.

"घरी सांगितलंस का?" ताईंनी विचारलं.

"अम्मी म्हणते ओवा खा. लग्न झालं की आपोआप थांबतं म्हणे. स्थळं यायला लागलीत ना, ताई. बायकांच्या डॉक्टरकडे लग्नाआधी गेलेलं कुणी बघितलं तर काय काय बोलतील."

ताई उसासा टाकून म्हणाल्या, "माझंही असंच दुखायचं गं, माय." आणि फळीकडे वळल्या. मला तेव्हा तोंड असतं ना, तर मी ओरडलो असतो. पण मी पडलो पास.

मार्चमधला गुरुवार होता, सकाळचे साडेदहा. कशफने मला गळ्यात घातलं आणि ती जवळजवळ पळतच निघाली. आत पोचली, दार लावलं आणि पोट धरून खालीच बसली. या वेळची कळ थांबेचना. दोनदा उलटी झाली. ती फरशीवर आडवी झाली आणि माझा कोपरा आपटून टवका उडाला. माझं सोडा. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती "अम्मी, अम्मी" म्हणत होती. मी घाबरलो. सरळ सांगतो, फार घाबरलो.

पंधरा मिनिटं झाली तरी पास परत येईना, तेव्हा सुमनताई फळी सोडून उठल्या. पास नाही, नोंद नाही, काही नाही! सात वर्षांत माझा नियम असा कुणी मोडला नव्हता, आणि मोडला म्हणून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. त्यांनी दार ठोठावलं, खांद्याने ढकललं आणि आत आल्या. मग शालनबाईंना हाक मारून दोघींनी कशफला उचलून प्रथमोपचाराच्या खोलीत नेलं.

जयदीप धावत आला, वही हातातच होती. त्याने पानं चाळली. "महिन्यात दोनदाच गेलीय बाहेर. म्हणजे जुना काही त्रास नाही. उपाशी आली असणार. बसने घरी सोडू या का?"

खोटी नोंद म्हणजे लेखी वॉर्निंग, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुमनताईंनी कशफकडे बघितलं. मग जयदीपच्या हातातून वही घेतली आणि त्याच्याच खिशातलं पेन काढलं.

"ही नोंद खोटी हाय, साहेब. हे माझं नाव हाय ना, ही कशफ. हे शालनचं, हीपण कशफ. ही कस्तुराची सगळीच्या सगळी कशफ." एकेका नावाला त्या गोल करत गेल्या. "चार महिने झाले. एकेचाळीस वेळा गेलीय लेकरू. तुम्ही नावं वाचता म्हणून आम्ही लपवलं. मला काय द्यायचं ते लेटर उद्या द्या. आज गाडी द्या."

जयदीप ती गोल केलेली नावं बघत राहिला. त्याचा चेहरा उतरला. मग एकदम फोन काढून म्हणाला, "गाडी गेटवर लावा, लगेच. हॉस्पिटलला जायचंय."

गेटवर आणखी एक गंमत. रंगराव म्हणून आमचे जुने वॉचमन, इथल्याच गावचे. गाडी थांबवून त्यांनी आत डोकावलं आणि त्यांची नजर नेमकी माझ्यावर. "ह्यो लाल बिल्ला कंपनीचा हाय. कंपनीची वस्तू चिठ्ठीबिगर भाईर जात न्हाई."

"अहो रंगराव, पोरगी कळवळायलीय आणि तुम्ही बिल्ला काय बघताय?"

"नियम हाय, ताई."

"मग गाडीतच बसा आणि राखत या त्याला!"

रंगराव कशफच्या चेहऱ्याकडे बघून वरमले. "जा, जा. मी लिवतो चिठ्ठी," म्हणत त्यांनी दांडा वर केला. माझ्यावर एवढा वाद झाला, पण ताईंच्या काखेत वही होती, तीही कंपनीचीच, ती काही त्यांना दिसली नाही.

ताईंनी वाटेतून फोन केला होता, त्यामुळे निगडीतल्या रुग्णालयात पोचलो तेव्हा कशफची आई कनीजबी रिक्षाने येऊन दारात उभ्या होत्या. आत तपासून आम्हाला पुढे पाठवलं, तिथल्या दारावरची 'स्त्रीरोग विभाग' ही पाटी वाचून त्या थबकल्या. हलक्या आवाजात ताईंना म्हणाल्या, "दुसरे डॉक्टर नाहीत का? साधे, पोटाचे?"

कशफ व्हीलचेअरवर वाकून बसली होती. तिने मान वर केली. "अम्मी, दुखतंय मला. लोकांना नाही दुखत."

कनीजबींनी ओढणी सावरली आणि स्वतःच खुर्ची आत ढकलली.

आत डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोटावरून सोनोग्राफी केली. कनीजबी टेबलाजवळ उभ्या होत्या, त्यांना वाटलं होतं त्यातलं भलतंसलतं काहीही घडलं नाही. बाईंनी पडद्यावर दाखवून सगळं समजावून सांगितलं, आणि मित्रांनो, तुम्हीही ऐकून ठेवा. आपल्या शरीराबद्दल ऐकायला कसली लाज? बाईच्या पोटात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक अंडाशय असतं, साधारण बदामाएवढं. त्यावर कधीकधी पाण्याची गाठ होते. पुष्कळशा गाठी आपोआप विरून जातात. कशफची मात्र वाढत वाढत संत्र्याएवढी झाली होती.

"कधीपासून दुखतंय?" बाईंनी विचारलं.

कशफला सवयच लागली होती. ती म्हणाली, "झाले थोडे दिवस."

सुमनताईंनी वही उघडून टेबलावर ठेवली. "थोडे दिवस नाही, बाई. गोल केलंय ते सगळं हिचं. तारीखवार हाय. किती वाजता गेली आणि किती वाजता आली, तेही."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावला आणि एकेक पान वाचलं. सात मिनिटं, बारा मिनिटं, मग काही दिवस काहीच नाही. पुन्हा एका दिवसात तीनदा. गेल्या आठवड्यात रोज.

"याच वेळी उलटीही व्हायची?"

"हो," कशफ म्हणाली.

बाईंनी वही मिटली. "हे आणलंत, फार चांगलं केलंत. सोनोग्राफीत अंडाशयाचा रक्तपुरवठा अजून दिसतोय. तेवढंच बघून मी कदाचित उद्यापर्यंत वाट पाहिली असती. पण हे वाचून मी थांबणार नाही. गाठीच्या वजनाने अंडाशयाला पीळ पडतोय. पडतो, सुटतो, पुन्हा पडतो. सुटला की हिला वाटतं बरं झालं. आज तो सुटत नाहीये. रक्तपुरवठा पूर्ण तुटला तर अंडाशय काढावं लागेल. आत्ता दुर्बिणीने ऑपरेशन केलं तर मी ते वाचवायचा पूर्ण प्रयत्न करीन."

कनीजबी पुढे सरकल्या. "पुढे लग्न... मुलंबाळं..."

"त्यासाठीच तर घाई करतेय. दुसरं अंडाशय चांगलं आहे, घाबरू नका. सही कोण करतंय?"

"मी," कशफ म्हणाली. "बावीस वर्षांची आहे मी." कळ दाबत तिने सही केली. तिची बोटं या वेळीही चपळच होती.

ऑपरेशनला नेताना अंगावरचे दागिने उतरवायला सांगितले. कानातल्या रिंगा निघाल्या आणि त्यांच्याबरोबर मीही निघालो. कनीजबींच्या हातात आम्हाला ठेवलं. त्या बाकावर बसल्या आणि मला उलटसुलट करून बघत म्हणाल्या, "हे काय आहे?"

सुमनताईंनी सगळं सांगितलं. सोमवारचं, नावांचं, शुगरचंसुद्धा. कनीजबी ऐकत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळत होतं. "तुमच्या वहीला कळलं आणि मला नाही कळलं. ओवा खा म्हणाले मी तिला. मी आई आहे ना तिची?"

"मला तरी कुठं कळलं?" ताई म्हणाल्या. "मी तर चार महिने डोळ्यांनी बघायले. मला वाटलं, मी मदत करायले." आणि आयुष्यभर खमक्या असलेल्या सुमनताई पदराने डोळे पुसू लागल्या. मी कनीजबींच्या मुठीत होतो. वाचू दे, एवढंच म्हणत होतो, दुसरं काही सुचत नव्हतं.

दीड तासाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. चेहऱ्यावरूनच कळलं. "दोन पीळ होते. सोडवले. अंडाशय काळंनिळं पडलं होतं, त्याचा रंग परत आला. गाठ काढली, ते जागेवर आहे. गाठ दिसायला साधी आहे, तरी तपासणीला पाठवतेय."

कनीजबींनी मला उचलून कपाळाला लावलं. मित्रांनो, बाथरूमचा पास मी! मोठ्या साहेबांची ती टिचकी मी त्या क्षणी पार विसरलो.

आठवड्याने अहवाल आला, गाठ खरोखर साधी होती. कशफ महिन्याभराने कामावर आली. एप्रिलच्या यादीत तिचं नाव लागलं नाही, पुढच्या यादीत बघू म्हणाले. ती म्हणाली, "बघा, मी इथेच आहे." सुमनताईंना वॉर्निंगचं लेटर मिळालं, ते त्यांनी सही करून घेतलं आणि घडी करून ठेवून दिलं. जयदीपने मात्र एका सोमवारी सगळ्यांसमोर सांगितलं, "नावं वाचत होतो, ते माझं चुकलं." त्याने वही बंद करवली. आता एखादी उठली की तिच्या जागी उभी राहायला एक जास्तीची बाई असते. पासही तीन झालेत. दोन नवे, हिरवे. अजून अंगात माज आहे त्यांच्या, पण शिकतील माझ्या हाताखाली.

तर मित्रांनो, मागणं एकच. तुमच्या आईला, ताईला, मावशीला पोट धरून बसलेली बघाल तेव्हा तिचं काम तुम्ही करा, जरूर करा. पण तेवढ्यावर थांबू नका. कधीपासून दुखतंय, कुठे दुखतंय, ते तिला विचारा, तारखा लिहून ठेवा आणि तिला डॉक्टरकडे घेऊन जा. प्रत्येक दुखणं कशफसारखं नसतं, हे डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं. पण कुठलं कसलं ते आपण घरी बसून ठरवायचं नसतं.

परवाची गोष्ट सांगतो. मी योगिनीच्या गळ्यात होतो. ही लाईनवरची एक अगदी अबोल बाई, लग्न होऊन पाच वर्षं झालीत. आता तीन पास असल्यामुळे आत दोघी एकदम असतात, आणि तेव्हा कशफही तिथेच हात धूत होती.

योगिनी नळाकडे बघत म्हणाली, "कशफ, त्या डॉक्टरीणबाई कधी भेटतात गं?"

"कुणाला दाखवायचंय?"

"माझ्या मावसबहिणीला. तिचं पोट दुखतं."

"कधीपासून?"

योगिनीने नळ बंद केला, पुन्हा सुरू केला. "दोन वर्षं झाली."

कशफने तिच्याकडे वळून बघितलं. तिने नळ बंद केला आणि योगिनीचे दोन्ही ओले हात हातात घेतले. "शुक्रवारी माझी तपासणी आहे. तुझ्या मावसबहिणीला घेऊन ये. नाव काय तिचं?"

माझ्या दोरीशी योगिनीची बोटं चाळा करत होती. मग ती म्हणाली, "माझंच दुखतंय."